देव कुठल्या विंगेत?

श्रद्धेवरचं नाटक कॉलेजच्या मुलांनी बसवायला घेतलं की पहिल्या वाचनालाच वाद पेटतो. ‘सेंट जोन’मधल्या जोनला, फ्रान्ससाठी लढलेल्या आणि पुढे जाळल्या गेलेल्या मुलीला, देवाघरचे आवाज खरंच ऐकू येत होते की तिला तसं वाटत होतं? ‘मर्डर इन द कॅथीड्रल’मधल्या आर्चबिशप बेकेटनं मरण स्वीकारलं की ओढवून घेतलं? शाळेतल्या मुलाशी गैरवर्तन केल्याचा संशय असलेला ‘डाउट’मधला फादर फ्लिन दोषी की निर्दोष? हा वाद चांगला दोन-तीन दिवस चालू द्यावा, कारण पुढे त्याला वेळ मिळत नाही. मात्र त्यातून सगळ्यांचं एकमत काढायच्या फंदात दिग्दर्शकानं पडू नये. ही नाटकं टिकली आहेत ती लेखकानं प्रश्न शेवटपर्यंत उघडा ठेवलाय म्हणून. प्रयोगात तो मिटतो, आणि बहुतेक वेळा नटांमुळे मिटत नाही. वरून सोडलेला एक पांढरा झोत, प्रार्थनेखाली हळूच वाजणारा ऑर्गन, ‘वातावरणनिर्मिती’ म्हणून सोडलेला धूर, एवढ्यानं रंगमंच निकाल देऊन मोकळा होतो. प्रेक्षकाला मग ठरवायला काही उरत नाही.

म्हणून अशा नाटकात दिग्दर्शकाचं बरंचसं काम नको त्या गोष्टी काढून टाकण्याचं असतं.

संहितेबद्दल थोडक्यात. बर्नार्ड शॉ यांचं ‘सेंट जोन’ १९२३ साली पहिल्यांदा रंगमंचावर आलं. शॉ १९५० साली गेले, त्यामुळे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० किंवा ७० वर्षं हक्क चालतात अशा देशांत मूळ नाटक आता मोकळं आहे. अनुवाद मात्र मोकळा असेलच असं नाही, अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. जॉन पॅट्रिक शॅन्ली यांच्या ‘डाउट’ला (२००४) लेखी परवानगी लागते, आणि परवानगी प्रयोगाची असते, काटछाटीची नव्हे. ‘सेंट जोन’ अख्खं केलं तर तीन तासांच्या पुढे जातं. कॉलेजच्या प्रयोगासाठी ते कापावंच लागतं. कापताना पहिली कात्री बहुतेकजण चौथ्या प्रवेशाला लावतात, कारण त्यात जोन नाही आणि तिघेजण तंबूत बसून नुसते बोलतात. तिथेच चूक होते. तिला जाळायला निघालेली माणसं दुष्ट नाहीत, त्यांचीही श्रद्धा पक्की आहे, हे त्या प्रवेशात कळतं. तो गेला की पुढचा खटला भल्या मुलीविरुद्ध वाईट माणसं एवढाच उरतो. कापायचं तर पहिल्या दोन प्रवेशांतल्या शाब्दिक चकमकी कापाव्यात.

आता नटांकडे. अठरा-वीस वर्षांच्या मुलांत दोन गट सहज दिसतात, आणि दोघांच्या चुका वेगवेगळ्या असतात. ज्याचा देवावर विश्वास नाही तो श्रद्धाळू माणूस करताना आवाज मऊ करतो, पापण्या अर्ध्या मिटतो, वाक्यं संथ लांबवतो. त्याच्या मते श्रद्धा म्हणजे एक प्रकारची गुंगी. ज्याचा विश्वास आहे तो रंगमंचावर खरोखरच प्रार्थना करायला लागतो. तो आत वळतो, आवाज खाली जातो आणि पाचव्या रांगेपुढे काही पोचत नाही. दोघांनाही एकच सूचना उपयोगी पडते: प्रार्थना म्हणजे मागणं आहे, भावना नव्हे. काय हवंय, कुणाकडून हवंय, आणि ते मिळालं नाही तर उद्या सकाळी काय होईल, हे नटाला सांगता आलं पाहिजे. जोनला नदी ओलांडायला वारा हवा आहे. ‘डाउट’मधल्या शाळेची मुख्याध्यापिका सिस्टर अलोयशस, तिला एक मुलगा सुरक्षित हवा आहे. मागणं नेमकं झालं की डोळे आपोआप उघडतात आणि आवाज पुढे येतो.

यानंतरचा प्रश्न बाळबोध वाटतो, पण तो तालमीच्या पहिल्या आठवड्यात सोडवावा लागतो. देव कुठे आहे? म्हणजे नटानं बघायचं कुठे? ठरवलं नाही तर एक पात्र छताकडे बघतं, दुसरं डाव्या विंगेकडे, तिसरं डोळे मिटून घेतं, आणि प्रेक्षकाला नकळत वाटतं की ह्या तिघांचा देव वेगवेगळा आहे. नाटकाला तसंच म्हणायचं असेल तर गोष्ट वेगळी. एरवी सगळ्यांसाठी एक जागा पक्की करावी. सगळ्यात सोयीची जागा प्रेक्षागृहाच्या मागच्या भिंतीवर, शेवटच्या रांगेतल्या डोक्यांच्या जरा वर. नजर समोरच्या रेषेपेक्षा दहा-पंधरा अंश वर गेली की पुरते. त्याहून मान वर केली की गळा ताणला जातो, शब्द छतातल्या पडद्यांत जिरतात, आणि बसलेल्या प्रेक्षकाला नटाच्या हनुवटीची खालची बाजू तेवढी दिसते. मागच्या भिंतीवर त्या जागी रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावून तालमी कराव्यात. तो प्रयोगाच्या दिवशी काढला तरी नजर तिथेच जाते.

गुडघे टेकणं हा तर वेगळा अभ्यास आहे. रोज गुडघे टेकणारा माणूस खाली बघत नाही, हात टेकत नाही, एक गुडघा आधी आणि दुसरा नंतर टेकतो, आणि उठताना पुढे झुकतो. नवखा नट दोन्ही गुडघ्यांवर एकदम आदळतो. प्लायच्या पोकळ लेव्हलवर, म्हणजे रंगमंचावरच्या चौथऱ्यावर, तो आवाज ढोलासारखा घुमतो आणि नाजूक क्षणाची वाट लागते. लेव्हलच्या आतून फेल्ट किंवा जुन्या गालिच्याचा तुकडा ठोकला, वर कापड ताणून बसवलं, की घुमणं जातं. पोशाखाच्या आत गुडघ्याला पातळ फोमची पट्टी बांधावी, आणि ती पहिल्या तालमीपासून बांधावी. कारण पाच-सहा आठवडे रोज गुडघे टेकून मुलांचे पाय सुजतात, मग ती प्रार्थना टाळायला लागतात.

विधींच्या तपशिलात ढिलाई चालत नाही. क्रुसाची खूण करताना कॅथलिक माणूस उजव्या हातानं कपाळ, छाती, डावा खांदा, मग उजवा खांदा असा जातो. ऑर्थोडॉक्स परंपरेत उजवा खांदा आधी. कॉलेजच्या प्रयोगांत हा क्रम हमखास चुकतो, आणि सभागृहातल्या ज्या चार-दोन माणसांना तो कळतो त्यांचा त्या क्षणी नाटकावरचा विश्वास उडतो. त्या परंपरेत वाढलेल्या एखाद्या व्यक्तीला दोन तालमींना बोलवावं. तिच्याकडून अभिनयाचं मत नको, फक्त हात कुठे जातात एवढं बघून घ्यावं. प्रॉपर्टी म्हणून खऱ्या पूजेतल्या वस्तू वापरू नयेत, तशा दिसणाऱ्या बनवून घ्याव्यात. त्यात आदर आहेच, शिवाय सोयही आहे. खरं पात्र हातातून पडलं तर नट अडखळतो, बनवलेलं पडलं तर उचलतो आणि पुढे जातो.

‘सेंट जोन’च्या तिसऱ्या प्रवेशात एक चमत्कार आहे, आणि तो नेपथ्याच्या मुलांना करावा लागतो. काळ १४२९चा, जागा लुआर नदीचा काठ. सेनापती द्युन्वा पश्चिमेच्या वाऱ्याची वाट बघतोय, त्याशिवाय नावा प्रवाहाविरुद्ध वर जाणार नाहीत. जमिनीत रोवलेल्या भाल्यावरची पताका पूर्वेच्या वाऱ्यानं फडफडते आहे. जोन येते, बोलणं होतं, ती प्रार्थनेला जायला निघते, आणि द्युन्वाच्या सोबतचा पोऱ्या शिंकतो. जोन आणि द्युन्वा बाहेर जातात. पोरगा ढाल उचलतो, भाला उपसायला जातो, तेव्हा त्याला दिसतं की पताका उलट्या बाजूला उडते आहे. ढाल टाकून तो ओरडत सुटतो.

शॉ यांनी हा क्षण किती काळजीनं बांधलाय बघा. वारा फिरतो तेव्हा मोठं माणूस कुणीच बघत नाही. जोनची प्रार्थना अजून व्हायचीच आहे. आणि बातमी सांगतो तो शिंकणारा पोरगा. चमत्कार म्हणायचं त्यांनी म्हणावं, हवा बदलली म्हणायचं त्यांनी तसं म्हणावं. इथे संगीत घातलं किंवा दिवे उजळले की ही सगळी बांधणी कोसळते.

मग पताका फिरवायची कशी? दोन्ही विंगांत एकेक पेडेस्टल पंखा ठेवायचा आणि एक बंद करून दुसरा लावायचा, हा उपाय सगळ्यांना आधी सुचतो आणि तो फसतो. पंखा सुरू झाल्याचा आवाज प्रेक्षकाला ऐकू येतो, म्हणजे डोळ्यांआधी कानांना कळतं. वेग दिव्यांच्या डिमरवर कमी-जास्त करू पाहिला तर मोटर गुणगुणते, तापते, आणि जळूही शकते. त्यापेक्षा दोन्ही पंखे प्रवेश सुरू होण्याआधीपासून चालू ठेवावेत आणि प्रत्येकासमोर प्लायची सरकती झडप करावी. आवाज पहिल्यापासून एकसारखा असला की दोन मिनिटांत कान त्याची दखल घेणं सोडतात. नदीकाठ आहे, वारा आहे, तो आवाज तिथे खपूनही जातो. शिंक आली की पूर्वेकडच्या पंख्याची झडप बंद. मग तीन-चार सेकंद काहीच नाही, पताका लोंबते. त्यानंतर दुसरी झडप हळूहळू उघडायची. ते लोंबणं फार महत्त्वाचं आहे. खरा वारा फिरताना आधी पडतो.

पताका पातळ रेशमाची किंवा तसल्या सुळसुळीत कापडाची, मीटरभर लांब, टोकाकडे निमुळती. जाड कापड घरगुती पंख्यानं उचलत नाही. लांबी वाढवली की पताका भाल्याला गुंडाळते आणि प्रवेशभर तशीच राहते. ते टाळायला भाल्याच्या टोकाला फिरती कडी बसवावी आणि पताका कडीला शिवावी, काठीला नव्हे. इतकं करूनही एखाद्या प्रयोगात ती अडकेल. त्यासाठी पोऱ्याची भूमिका करणाऱ्याला सांगून ठेवावं की भाला उपसताना मनगटानं एक हिसका द्यायचा. तो तसाही भाला उपसतोच, त्यामुळे कुणाला कळत नाही. झडपा सांभाळायला नाटक पाठ असलेली मुलं लागतात. इशाऱ्याच्या दिव्यावर अवलंबून राहिलं तर झडप दरवेळी अर्धा सेकंद उशिरा हलते.

दिव्यांबद्दल एक ठाम मत आहे. प्रार्थनेच्या वेळी डोक्यावरून सरळ खाली येणारा झोत वापरू नये. एक तर तो निकाल देतो, आणि दुसरं म्हणजे भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडून डोळेच नाहीसे होतात, जे त्या क्षणी सगळ्यात जास्त हवे असतात. खिडकीतून येणारा उजेड म्हणून बाजूनं, तिरका प्रकाश द्यावा. खिडकी हे कारण प्रेक्षकाला पटतं, आणि तरीही ज्याला त्यात काही दिसायचं त्याला दिसतं. मेणबत्तीच्या ज्योतीचं रंगतापमान साधारण १९०० केल्विन असतं, हॅलोजनच्या दिव्याचं ३२००; आकडा जितका कमी तितका उजेड तांबूस. म्हणजे मेणबत्तीजवळचा चेहरा नुसत्या हॅलोजनमध्ये पांढरट, आजारी दिसतो. गडद अंबर जिलेटिन (दिव्यासमोरचा रंगीत पारदर्शक कागद) लावून एक छोटा दिवा खालच्या कोनातून, अगदी मंद ठेवला की चेहरा ज्योतीजवळचा वाटतो. खऱ्या मेणबत्त्यांचा हट्ट बहुतेक सभागृहांत चालत नाही, आणि लांब बाह्यांच्या झग्यांत तो धोक्याचाही आहे. एलईडीच्या मेणबत्त्या एका तालात लुकलुकतात, आणि दहा एकत्र ठेवल्या तर ते फार दिसतं. त्या प्रेक्षकांच्या बाजूनं अर्ध्या झाकून ठेवाव्यात, बुंधा दिसावा आणि उजेड मागे पडावा.

धूर शक्यतो नको. हवाच असेल तर फॉग मशीनचा दाट ढग नको, हेझरची पातळ धुरकट हवा पुरते. वातानुकूलन चालू असलं की धूर तालमीत जातो तसा प्रयोगात जात नाही, भरलेल्या सभागृहात हवेचा प्रवाह वेगळा असतो. शिवाय धुराचे संवेदक हेझ आणि आग यांत फरक करत नाहीत. सभागृहाच्या व्यवस्थापनाला लेखी कळवून, त्यांचा माणूस हजर ठेवूनच चाचणी करावी. संवेदकावर पिशवी बांधण्याचा उद्योग कुणी करू नये, नाटकापायी दोनशे माणसांचा जीव टांगणीला लागतो.

आता प्रवचन. कवी टी. एस. एलियट यांच्या ‘मर्डर इन द कॅथीड्रल’च्या मध्यावर बेकेटचं नाताळच्या सकाळचं प्रवचन आहे, बहुतेक नाटक पद्यात आणि हा तुकडा गद्यात. २९ डिसेंबर ११७०ला तो मारला जाणार आहे, म्हणजे मधे चारच दिवस. १९३५ साली हे नाटक पहिल्यांदा झालं ते कँटरबरी कॅथीड्रलच्याच चॅप्टर हाउसमध्ये (धर्मगुरूंच्या सभागृहात), म्हणजे हत्या झाली त्याच वास्तूच्या आवारात. ‘डाउट’ तर प्रवचनानंच सुरू होतं. दोन्ही ठिकाणी प्रेक्षक एकदम चर्चमध्ये बसलेले भाविक होतात. दिग्दर्शक इथे नटाला घट्ट स्पॉटमध्ये कोंडतो आणि प्रेक्षागृह काळोखात ठेवतो. मग समोर कुणी नसल्यासारखं ते स्वगत होतं. प्रेक्षागृहातले दिवे पंधरा-वीस टक्के उजळावेत. नटाला माणसं दिसली पाहिजेत, माणसांना एकमेकांची डोकी दिसली पाहिजेत. याहून जास्त उजेड झाला की लोक ओळखीचे चेहरे शोधू लागतात. व्यासपीठाची पाटी नटाच्या कोपराच्या उंचीला हवी. छातीपर्यंत आली तर हात लपतात आणि मान वर जाते. पाटीवर अख्खी संहिता ठेवू नये, नजर तिथे जाऊन बसते. प्रत्येक परिच्छेदाचा पहिला शब्द तेवढा मोठ्या अक्षरांत लिहावा. विसरलेल्या नटाला एक शब्द पुरतो.

एलियट यांच्या नाटकातला बायकांचा समूह बहुतेक संघांना जड जातो. आठ-नऊ जणींनी एका सुरात बोलायचं म्हणजे शब्द एकत्र सुरू होतात पण संपत नाहीत. ओळीच्या शेवटी ‘स’ किंवा ‘श’ आला की सगळ्यांची फूस वेगवेगळ्या वेळी सुटते आणि सभागृहात सापाचा फूत्कार ऐकू येतो. गायनवृंदातला जुना उपाय इथे चालतो: शेवटचा ऊष्म वर्ण एकीनंच उच्चारायचा, बाकीच्यांनी आधीच्या स्वरावर थांबायचं. श्वासाच्या जागा संहितेत पेन्सिलीनं ठरवून घ्याव्यात. सगळ्या ओळी सगळ्यांनी बोलायची गरजही नाही. भीतीच्या ओळी एकेकीला वाटून दिल्या, आणि धैर्य आलं की सगळ्या एकत्र, एवढ्यानं अर्थ उलगडतो. बेकेटला मोहात पाडणारे चौघे आणि नंतर त्याला मारायला तलवारी घेऊन येणारे चौघे तेच नट असावेत. आधी गोड बोललेला चेहरा शस्त्र घेऊन परत आलेला बघणं हे कुठल्याही संवादापेक्षा बोलकं असतं.

पोशाखांची तालीम लवकर सुरू करावी. ‘डाउट’मधल्या नन १९६४ सालच्या, न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समधल्या आहेत, काळा पायघोळ पोशाख आणि काळं बॉनेट, म्हणजे कान आणि चेहऱ्याच्या कडा झाकणारी टोपी. बॉनेटमुळे बाजूचं दिसत नाही, ऐकूही कमी येतं. म्हणजे शेजारच्या पात्राकडे बघायला अख्खी मान, कधी अख्खं धड वळवावं लागतं. ही अडचण म्हणून काढायची गोष्ट नाही, ती भूमिकेचाच भाग आहे. बघणं हा तिथे निर्णय होतो. म्हणून दुसऱ्या आठवड्यापासूनच पुठ्ठ्याचं का होईना बॉनेट घालून तालमी कराव्यात. झग्याची कड जमिनीपासून तीन-चार सेंटिमीटर वर हवी, नाहीतर पायरी चढताना ती पायात येते. आणि बॉनेटची सावली चेहऱ्यावर पडते, म्हणून समोरचा दिवा नेहमीच्या पंचेचाळीस अंशांऐवजी तीसच्या आसपास उतरवावा लागतो. हे रंगीत तालमीच्या रात्री लक्षात आलं तर शिडी लावायला वेळ नसतो.

पोशाखातून श्रद्धेचं आणि सत्तेचं नातं दाखवणारा सर्वांत नेमका प्रवेश जर्मन नाटककार ब्रेख्त यांच्या ‘गॅलिलिओ’त आहे. पोपला सेवक कपडे चढवताहेत आणि त्याच वेळी त्याचं मन वळवलं जातंय. सुरुवातीला हलक्या कपड्यांतला माणूस गॅलिलिओच्या बाजूनं बोलतो, अंगावर थर चढत जातात तसा तो माघार घेतो, आणि पूर्ण वेषात उभा राहिल्यावर गॅलिलिओला यातनेची हत्यारं नुसती दाखवायला परवानगी देतो. इथे न बोलणारे दोन सेवक हेच मुख्य नट. कुठलं वस्त्र कुठल्या वाक्यावर खांद्यावर बसतं, हे त्यांना संवादाइतकं पाठ हवं. वेल्क्रो वापरू नये, तो चर्रकन् फाटल्यासारखा वाजतो. हूक आणि मोठी काजं करावीत. कापड खरोखरच जड असावं. अस्तरात कॅनव्हास घातला की नटाचे खांदे आपसूक खाली येतात, त्याला ते करून दाखवावं लागत नाही.

‘डाउट’ची एक खास अडचण उरते. फ्लिननं काही केलं की नाही, हे संहिता सांगत नाही. पण ती भूमिका करणाऱ्याला ठरवावंच लागतं, नाहीतर प्रत्येक वाक्य दोन्ही दगडांवर पाय ठेवून येतं आणि प्रेक्षकाला तो नुसता गुळमुळीत वाटतो. त्यानं ठरवावं आणि कुणालाही सांगू नये. सिस्टर अलोयशस करणारीला तर मुळीच नाही. ती खात्रीनं बोलते, पण त्या खात्रीला पुरावा नाही. नटीला आतली माहिती मिळाली तर तिचं सगळं नाटक पोलिसी चौकशी होऊन बसतं.

प्रयोगानंतर प्रेक्षकांशी चर्चा ठेवली तर पहिला प्रश्न हाच येतो, ‘खरं काय होतं?’ नटानं हसून टाळलं तर लोकांना फसवल्यासारखं वाटतं. दिग्दर्शकानं सरळ सांगावं की नटाला माहीत आहे, आम्हाला नाही, आणि आम्ही विचारलेलंही नाही. मग प्रश्न उलटा विचारावा: तुमचं मत कुठल्या क्षणी बदललं? यावर लोक भरभरून बोलतात, एकमेकांना खोडून काढतात. चर्चेला वीस-पंचवीस मिनिटं पुरे. नटांनी वेष उतरवून, चेहरा धुऊन यावं. झग्यातल्या माणसाशी प्रेक्षक वाद घालत नाहीत. विंगेत एकानं प्रश्न टिपून ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी तालमीत वाचावेत. बहुसंख्य प्रेक्षकांचं मत एकाच क्षणी बदलत असेल, तर त्या क्षणी दिवा, संगीत किंवा हालचाल काहीतरी जास्त सांगते आहे असं समजावं, आणि पुढच्या प्रयोगाआधी ते शोधून काढावं.